नाताळचं ताट

आमच्या घरी फराळाचा घाट वर्षातून एकदाच घातला जायचा, तो नाताळला. दिवाळीत गावातून आमच्याकडे ताटं यायची. आई ती कधी रिकामी परत करायची नाही. वाटीभर गहू, नाहीतर चिमूटभर साखर तरी ताटात घालायची. आणि कुणाकडून ताट आलं, कुणाकडून यंदा आलं नाही, हे तिच्या बरोबर ध्यानात राहायचं. डिसेंबर लागला की तिची पाळी यायची.

गाव राहुरी तालुक्यातलं. मुळा धरणाचं पाणी आल्यापासून शिवारात ऊसच ऊस. जवळच कारखान्याची चिमणी, आणि साखर मात्र रेशनच्या दुकानातून मोजून मिळायची. दिवाळीच्या महिन्यात कार्डावर थोडी जादा साखर असे. ती आई उचलायची आणि पत्र्याच्या डब्यात भरून माळ्यावर ठेवून द्यायची. त्या डब्याला हात लावायचा नाही, हे आम्हा भावंडांना कुणी सांगावं लागलं नाही. मग नाताळपर्यंत घरात गुळाचा चहा. आमचा नाताळ असा दिवाळीच्या साखरेवर व्हायचा, आणि ही गोष्ट मला आजही फार आवडते.

करंज्यांची रात्र बायका आपसांत ठरवायच्या. आज आमच्याकडे, उद्या पलीकडच्या काकूंकडे. वस्तीवरच्या बायका तर असायच्याच, पण मळ्यातल्या एक मावशी आणि पिंजाऱ्यांच्या चाचीही आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायच्या. रवा-मैदा दुधात भिजवलेला, तो खलबत्त्यात कुटून कुटून मऊ करायचा. सारणात सुकं खोबरं, भाजलेला रवा, खसखस, वेलदोडा आणि माळ्यावरून उतरलेल्या त्या डब्यातल्या साखरेची पिठी. लाटताना तोंडं चालू, हात चालू. आईचं सगळं लक्ष कडांवर. कातण्यानं कापलेली करंजी तिला पसंत नसे, हातानं मुरड घातलेलीच पाहिजे. अंगठ्यानं कड जराशी उचलायची, आत दुमडायची, दाबायची, पुन्हा पुढची कड उचलायची, की शेवटी ती दोरीच्या पिळासारखी दिसायला लागे. मुरड सैल राहिली तर करंजी तेलात उघडते, सारण बाहेर येतं आणि सगळं तेल नासतं. तेलही रेशनचंच. त्यामुळे मुरड घालायचं काम ज्या वर्षी माझ्याकडे आलं त्या वर्षी मी खरी मोठी झाले, असं मला वाटलं होतं. झालेल्या करंज्या ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायच्या आणि मंद आचेवर थोड्याथोड्या तळायच्या. झोपायला मध्यरात्र उलटून जायची.

पंचविसाव्या तारखेला सकाळची उपासना झाली, सगळ्यांचे ‘सलाम, सलाम’ झाले, की ताटं निघायची. हे काम मुलांचं. वर क्रोशाचा रुमाल, खाली करंज्या, शंकरपाळे, चकल्या, चिवडा. आई ओट्यावर ताटं ओळीनं मांडायची आणि कुठलं कुणाचं ते सांगायची. काही घरांसाठी मात्र ताट नसे, पिशवी असे. पिशवीत नारळ, केळी, पुड्यात बांधलेली साखर. लहानपणी मला वाटायचं की ज्यांचा मान मोठा त्यांच्याकडे नारळ जातो. जरा मोठी झाल्यावर कळलं, की त्या घरांत आमच्या हातचं शिजवलेलं खात नाहीत. नारळाला विटाळ नसतो. आईनं हे कधी तोंडानं सांगितलं नाही. ती फक्त ताटं आणि पिशव्या वेगळ्या लावायची.

आमचे पणजोबा महारवाड्यातले. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर त्यांनी बाप्तिस्मा घेतला, असं घरात सांगत. बाप्तिस्म्यानं गावाची विहीर काही खुली झाली नाही. पण शाळा मिळाली, वाचता येऊ लागलं, आणि त्यांचा नातू, म्हणजे माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, गुरुजी झाले. गावातल्या सगळ्या जातींची पोरं त्यांच्या हाताखाली शिकली. तीच पोरं आपापल्या घरी ‘गुरुजींकडचं ताट आलंय’ म्हणून ओरडत आत पळायची, आणि आतून कोण बाहेर येतं, कसं येतं, ते मी उंबऱ्याबाहेर उभी राहून बघायची. माझ्या लहानपणच्या नाताळची सगळी हुरहुर त्या उंबऱ्यांवर होती. नवा फ्रॉक, देवळातली, म्हणजे आमच्या चर्चमधली, पताकांची माळ, सुरूच्या फांदीला कापूस चिकटवून केलेलं झाड, हे सगळं हवंसं होतंच. पण पोटात गोळा यायचा तो ताट हातात घेतल्यावर.

एका घरी मला ‘ओट्यावर ठेव गं पोरी’ असं सांगितलं. ठेवलं. संध्याकाळी त्याच वाटेनं परत येताना त्यांच्या गोठ्याकडे नजर गेली. आमच्या करंज्या गव्हाणीत पडलेल्या होत्या, दोन कडब्यावर आणि एक बैलानं अर्धी खाल्लेली. मुरड मीच घातलेली होती, म्हणून ओळखायला वेळ लागला नाही. घरी येऊन मी रडले, चिडले, पुन्हा त्या घरी जाणार नाही म्हणाले. पुढच्या वर्षी आईनं त्या घरासाठी पिशवी न लावता परत ताटच लावलं. मी हट्टानं गेले नाही, भाऊ गेला. “आपण पाठवायचं,” आई म्हणाली. “खायचं न खायचं त्यांच्याकडं.”

मला तेव्हा ती दुबळी वाटली होती. आज वाटतं, सगळ्या गावात तिच्याइतकी ठाम बाई दुसरी नव्हती. नारळ पाठवून तिला सुटता आलं असतं. पण तिनं त्यांना दर वर्षी पुन्हा ठरवायला लावलं.

पुढं त्या घरात नवी सून आली. तिनं तिच्या पहिल्याच नाताळला ताट माझ्या हातातून घेतलं आणि तिथंच उंबऱ्यात उभं राहून एक करंजी मोडून खाल्ली. मी धावत घरी येऊन सांगितलं. आईनं एवढंच विचारलं, “सारण गोड झालं होतं म्हणाली का?”

आमच्या नाताळात दिवाळीचा फराळ, दारात रांगोळी, बांबूच्या कामट्यांचा ताऱ्याच्या आकाराचा कंदील, हे सगळं पाहून कुणीकुणी म्हणतं की हा काही खरा नाताळ नव्हे, इकडून तिकडून उचललेला आहे. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण गोष्ट नेमकी उलटी आहे. आमच्याकडे शुभवर्तमान आणलं ते अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांनी. त्यांचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईला पोचले आणि १८३१ मध्ये नगरला त्यांचं ठाणं झालं. ही अमेरिकेच्या ईशान्येकडल्या न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल मंडळ्यांतली माणसं, म्हणजे नाताळासारखे सण नको म्हणणाऱ्या कडक प्युरिटन ख्रिस्ती पंथाच्या परंपरेतली. त्यांच्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड करणारा कायदा झाला होता. १६८१ मध्ये तो रद्द झाला, पण प्युरिटन वळण लवकर सुटलं नाही. त्या राज्यात नाताळची कायदेशीर सुट्टी सुरू झाली १८५६ मध्ये, म्हणजे नगरचं ठाणं उभं राहून पंचवीस वर्षं झाल्यावर. शुभवर्तमान आणलेल्या त्या पहिल्या माणसांच्या पिढ्यान्‌पिढ्यांत नाताळ हा मोठा सणच नव्हता.

मग आमच्या आज्या-पणज्यांनी सण साजरा करायचा कसा? माझी खात्री आहे की त्यांनी हाताशी जे होतं त्यातूनच तो उभा केला. आनंद झाला की काय करायचं हे त्यांना ठाऊक होतं. दार सारवायचं, रांगोळी काढायची, तळण काढायचं, रात्रभर गायचं. नगरकडे १८६० च्या दशकात ख्रिस्ती कीर्तन सुरू झालं, त्यामागंही हीच समज होती. टाळ, मृदंग, पूर्वरंग, उत्तररंग, सगळं इथलं. नंतर कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि अभंग-ओव्यांच्या वळणानं इतकी गीतं लिहिली की मराठी उपासनेचा सूरच पालटला. टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं आमच्या राहुरीत राहत होते, याचा अण्णांना कोण अभिमान. देवळात टिळकांचं गीत निघालं की अण्णा पेटीवरचे हात क्षणभर थांबवायचे, चष्मा नीट करायचे आणि मग सुरुवात करायचे. आजही त्या गीतांतलं एखादं कानावर आलं की मला पेटीच्या भात्याचा आवाज आधी ऐकू येतो.

नाताळचं नाटकही अण्णाच बसवायचे. बायबलातल्या लूकच्या दुसऱ्या अध्यायाचं, म्हणजे येशूच्या जन्माच्या कथेचं, वाचन एका मुलाकडे असायचं, आणि सगळ्यांचा जीव त्यातल्या सुभेदाराच्या नावावर टांगलेला. क्विरीनिय. ‘क्वि’वर किती पोरं अडखळली असतील! मेंढपाळांना पोशाख मात्र खरे मिळायचे. पिकं निघाल्यावर धनगर मेंढ्या घेऊन शिवारात उतरायचे, खतासाठी शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घ्यायचे. अण्णा त्यांच्याकडून रात्रीपुरती घोंगडी मागून आणायचे, आणि घोंगडीवाले म्हातारबाबा नाटक बघायला देवळाच्या दारात येऊन बसायचे. रानात राहून रात्री आपले कळप राखणारी माणसं म्हणजे कोण, हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. ती दारात बसलेली असायची.

एका वर्षी मला उतारशाळेच्या, म्हणजे प्रवाशांच्या धर्मशाळेच्या, मालकाचं काम मिळालं. एकच वाक्य, ‘जागा नाही’. मी ते जोरात, हात झटकून म्हणून दाखवलं. अण्णांनी तालीम थांबवली. म्हणाले, शास्त्रात मालक कुठंच नाही, तो आपण नाटकात घातलाय. लूक एवढंच सांगतो की उतारशाळेत त्यांना जागा नव्हती. कुणी झिडकारलं असं तो म्हणत नाही. “तेव्हा वाईट माणूस करू नकोस,” अण्णा म्हणाले. “जागा नाही, आणि त्याचं तुलाही अवघड वाटतंय, असं म्हण.” ते मला काही केल्या जमेना. गव्हाणीतल्या करंज्या पाहून तेव्हा फार दिवस झाले नव्हते.

चोवीसच्या रात्री गाण्याची फेरी निघायची. पेटी एका सायकलच्या कॅरिअरला बांधलेली, ढोलकी गळ्यात, दोन कंदील, आणि कानटोप्या घातलेली पोरं. वस्ती झाली की मळे, मळे झाले की उसाच्या फडाजवळच्या कोप्या. डिसेंबर म्हणजे गळिताचा भर. बीडकडून, पाथर्डीकडून आलेली ऊसतोड कुटुंबं पाचटाच्या कोप्यांत राहायची, पहाटे अंधारात फडात उतरायची. त्यांच्याकडे फेरी नेण्याबद्दल दर वर्षी थोडी कुरकुर व्हायची, दमलेली माणसं झोपू द्यावीत म्हणून. अण्णा म्हणायचे, आवाज खाली ठेवून गाऊ, पण जाऊ. एकदा तिथल्या एका कोपीत बाई दोन दिवसांची बाळंतीण होती. तिच्या सासूनं आम्हाला थांबवलं नाही, उलट पडदा केलेलं पोतं बाजूला सारलं. आत चिमणीचा उजेड, धूर, आणि जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेलं पोर. अण्णांच्या हातात शास्त्र होतं, दर ठिकाणी ते चार ओळी वाचायचे. तिथं त्यांनी वाचलं नाही. आम्ही एक गीत म्हटलं, शंकरपाळ्यांचा पुडा दिला आणि निघालो. आता ऊसतोडीत यंत्रं आली आहेत, तरी कोप्या अजून पडतात आणि त्यांत डिसेंबरात पोरं अजून जन्मतात.

आता मी पुण्यात राहते. नोव्हेंबर संपायच्या आत मॉलमध्ये झाड उभं राहतं, शाळेत मुलं चिठ्ठ्या टाकून एकमेकांना गुपचूप भेटी देतात, सोसायटीत लाल टोपी घालून कुणीतरी चॉकलेटं वाटतं. धाकट्याची यादी डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात तयार असते आणि मग रोज संध्याकाळी ‘पार्सल आलं का?’ हा प्रश्न. मला त्यात काही वावगं दिसत नाही. मुलानं सणाची वाट पाहावी, उशाशी काहीतरी सापडावं, त्याचा चेहरा फुलावा, हे कुणाला नको असेल? आमच्या वेळी सांता फक्त कार्डावर होता. अमेरिकेतून मिशनकडे आलेली जुनी, पाठकोरी केलेली ग्रीटिंग कार्डं रविवारच्या शाळेत बक्षीस मिळायची, त्यांवर बर्फ आणि लाल डगला. आम्ही ती वर्षभर पुस्तकात जपायचो.

मला खुपतं ते दुसरंच. इथं सगळे आमचं ताट प्रेमानं घेतात. दार पूर्ण उघडतात, आत या म्हणतात. आणि रुमाल बाजूला करून म्हणतात, “अय्या, तुमच्यातही करंज्या करतात? आम्हाला वाटलं केक असेल!” बोलणाऱ्याच्या मनात काही नसतं, हे मला शंभर टक्के ठाऊक आहे. पण गावात ज्यांनी आमच्या करंज्या गव्हाणीत टाकल्या, त्यांनाही त्या करंज्या आपल्यासारख्याच आहेत हे माहीत होतं. इथं दार उघडणाऱ्याला आम्ही बाहेरून आलेले वाटतो. दोनशे वर्षं होत आली या मातीत ओव्या म्हणत, आणि आमच्याकडून अपेक्षा मनुका घातलेल्या केकची.

माझ्या मुलीनं यावर तिचा तोडगा काढला होता. “आई, आपण नुसता केकच देऊ या ना. मग समजावत बसावं लागत नाही.” ती हे अगदी सहज बोलली, म्हणून मला जास्त लागलं. सतत समजावून सांगावं लागण्याचा थकवा तिच्या वयाला यायला नको होता. मी तिला रागावले नाही. केकही आणते मी, कँपातल्या बेकरीतून, मुलांना आवडतो आणि मलाही. पण त्या रात्री मी तिला समोर बसवून मुरड शिकवली, आणि शिकवता शिकवता त्या गव्हाणीची गोष्ट सांगितली. आजवर घरात ती कुणालाच सांगितली नव्हती. तिनं दोन-तीन करंज्या होईपर्यंत काही विचारलं नाही. मग म्हणाली, “ते घर कोणतं?” मी सांगितलं नाही. तिनं नवी सून कुठल्या घरची तेही विचारलं, म्हणजे तिला कळलं होतं. त्या सणाला तिनंच सोसायटीतली ताटं पोचवली. ‘तुमच्यातही?’ असं कुणी विचारलंच तर “आमच्यात पहिल्यापासून” असं उत्तर देऊन ती पुढच्या मजल्यावर जायची.

आईच्या बोटांना आता मुरड होत नाही, सांधे धरलेत. पण चोवीसला संध्याकाळी सगळे गावातल्या घरी असले पाहिजेत, एवढी एकच अपेक्षा तिनं ठेवली आहे, आणि ती आम्हाला दर वर्षी तारेवरची कसरत करायला लावते. अमेरिकन कंपनीत असलेल्या भाच्याला नाताळात आठवडाभर सुट्टी असते. कारखान्यावर नोकरीला असलेल्या माझ्या भावाला नसते, ऐन हंगामात गाळप चोवीस तास चालू. अण्णा गेल्यावर फेरी तोच नेतो, तीही कधी रात्रपाळीच्या आधी, कधी नंतर. पेटीचा भाता मध्यंतरी फाटला होता, तो त्यानं नगरहून बदलून आणला.

यंदा पंचवीसला त्याची दुसरी पाळी आहे. म्हणजे उपासना संपली की लगेच पंगत बसवायची, आणि तो कामावर निघायच्या आत ताटं फिरून यायला हवीत. म्हणून करंज्या तेवीसलाच. खोबरं मी इथून किसून नेतेय, खसखस आईनं निवडून ठेवलीय. त्या घरची सून आता आजीबाई झाली आहे. तिचं ताट माझी मुलगी नेणार आहे, तसं तिनं आजीला फोनवर सांगूनही टाकलं. आजीनं विचारलं, मुरड तूच घालणार आहेस ना.